रिपोर्टवर ‘हर-टू ३+’ आलंय, आता मासे बंद करायचे का?

प्रश्न : माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या (वय ४६) डाव्या स्तनात गाठ आहे. सुईने तुकडा काढून तपासला, कॅन्सर निघाला. रिपोर्टवर ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह, हर-टू ३+ असं लिहिलंय. मुंबईच्या डॉक्टरांनी आधी केमो, मग ऑपरेशन आणि एकूण वर्षभर एक इंजेक्शन सांगितलंय. हर-टू हे प्रोटीन आहे आणि ते वाढलंय, असं कळल्यापासून घरच्यांनी त्यांची मासळी, अंडी, डाळ सगळं बंद केलंय. शेजारच्या काकींचं ऑपरेशननंतर नुसत्या गोळीवर भागलं, मग यांनाच एवढं का? गाठ अंगात ठेवून चार-पाच महिने केमो घेत बसायचं, हेही कुणाला पटत नाही. थोरले दीर बोटीवर असतात. आता मासेमारीला बंदी आहे. ते म्हणतात, नारळी पौर्णिमेनंतर बोटी बाहेर पडल्या की पैसे हातात येतील, तेव्हा सुरू करू, नाहीतर आंब्याची कलमं गहाण टाकावी लागतील. जाऊबाईंना दोन मुली आहेत, १९ आणि १५ वर्षांच्या. त्यांना पण होणार का?
– एक जाऊ, दापोली तालुका

ताई,

आधी दोन गोष्टी सांगते, बाकीचं सावकाश वाचा. जाऊबाईंचं जेवण आज रात्रीपासून पहिल्यासारखं सुरू करा. आणि नारळी पौर्णिमेची वाट पाहू नका. तपासण्या आणि कागदपत्रं यांत दोन-तीन आठवडे जातातच, तेवढे चालतात. त्यापुढे मुद्दाम थांबणं या जातीच्या कॅन्सरात परवडत नाही.

मी सूक्ष्मदर्शकाखाली पेशी तपासणारी डॉक्टर आहे. औषधाबाबत शेवटचा शब्द जाऊबाईंना प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचाच. पण ईआर, पीआर (गाठीच्या पेशींवर हार्मोन पकडणारी प्रोटीनं आहेत का ते सांगणाऱ्या) आणि हर-टू या तीन ओळी आमच्याच टेबलावरून जातात आणि पुढचे सगळे उपचार त्यांवर ठरतात, म्हणून त्या काय सांगतात ते जरा खोलात जाऊन लिहिते.

हर-टू हे प्रोटीन तुमच्या-माझ्या, सगळ्यांच्याच शरीरात असतं. ते पेशीच्या पडद्यात आरपार रोवलेलं असतं, एक टोक बाहेर, एक आत. बाहेरचा निरोप आत पोचवणं हे त्याचं काम. त्याच्याच घराण्यातलं दुसरं प्रोटीन शेजारी आलं की दोघांची जोडी जमते, आतली टोकं एकमेकांवर फॉस्फेट चढवतात आणि तिथून निरोपांची साखळी पेशीच्या केंद्रकापर्यंत जाते. एका वाटेने निरोप जातो की विभागून दोन हो. दुसऱ्या वाटेने जातो की मरू नकोस, तग धर. या घराण्यातल्या बाकीच्या प्रोटीनांना जोडी जमवण्याआधी बाहेरून एखादा वाढीचा घटक येऊन चिकटावा लागतो. हर-टूला तो लागत नाही. ते कायम जोडी जमवायच्या तयारीत असतं. निरोगी पेशीवर ते मोजकंच असतं, साधारण २० हजारांच्या घरात, त्यामुळे काही बिघडत नाही.

हे प्रोटीन बनवण्याची माहिती असलेलं जनुक १७व्या गुणसूत्रावर असतं आणि प्रत्येक पेशीत त्याच्या दोन प्रती असतात. जाऊबाईंच्या गाठीत कधीतरी एका पेशीत या जनुकाच्या जादा प्रती तयार झाल्या. अशा पेशींत कधी दहा, कधी वीस, कधी त्याहून जास्त प्रती सापडतात. जितक्या प्रती जास्त तितकं प्रोटीन जास्त, आणि एका पेशीवर त्याची संख्या २० लाखांपर्यंतही जाऊ शकते. इतकी गर्दी झाली की जोड्या आपोआप जमत राहतात. बाहेरून काहीही सांगावा आलेला नसताना आत ‘वाढ, वाढ’ हा निरोप अखंड चालू राहतो. गाठ झपाट्याने वाढते, काखेतल्या गाठींपर्यंत लवकर पोचते, आणि उपचार मिळाले नाहीत तर यकृत, फुप्फुसं, मेंदू इथे जाऊन बसण्याकडे तिचा कल असतो. डॉक्टर याला आक्रमक म्हणतात ते यासाठी. स्तनांच्या दर शंभर कॅन्सरांत साधारण १५ ते २० या जातीचे असतात.

आता जेवणाचं. आपण खाल्लेला बांगडा, अंडं, तुरीची डाळ, कुळथाची पिठी, यांतलं प्रोटीन आतड्यात सुटं सुटं होऊन अमिनो आम्लं म्हणून रक्तात जातं. पेशी त्यातून काय आणि किती बनवायचं ते स्वतःच्या जनुकांवरून ठरवते. मासळी बंद केल्याने गाठीतल्या जनुकाची एकही प्रत कमी होत नाही. कमी होतं ते जाऊबाईंचं वजन, हिमोग्लोबिन आणि केमो सोसायची ताकद. केमोत रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली येतात, त्या पुन्हा भरून यायला शरीराला प्रोटीन लागतंच. पेडवे, बांगडे, सौंदाळे, जे ताजं मिळेल ते द्या. फक्त केमोच्या काळात मासे, अंडी पूर्ण शिजलेली हवीत, आणि बाहेरची शिंपल्यांची डिश, उघड्यावरची चटणी, न उकळलेलं विहिरीचं पाणी टाळा. कुणी झाडपाल्याचा काढा आणून दिला तर तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. काही काढे यकृतावर ताण आणतात, आणि केमोची बरीच औषधं यकृतातूनच जातात.

‘३+’ कसं ठरतं ते दाखवते. काढलेला तुकडा फॉर्मेलिनमध्ये मुरवतात, मग मेणात बसवून त्याचा छोटा ठोकळा करतात. त्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. त्याचा केसाहून कितीतरी पातळ काप काचेवर घेऊन, फक्त हर-टूलाच चिकटेल असा रंग त्यावर सोडतात. प्रोटीन नसेल तर काचेवर नुसते निळे ठिपके दिसतात, ती पेशींची केंद्रकं. जाऊबाईंच्या काचेवर प्रत्येक पेशीभोवती गडद तपकिरी, अखंड कडं दिसलं असणार. कडेला कडं लागून सगळं चित्र दालदी मच्छीमारांच्या अंगणात वाळत टाकलेल्या जाळ्यासारखं दिसतं, प्रत्येक डोळ्यात एक निळं केंद्रक अडकलेलं. गाठीतल्या दहा टक्क्यांहून जास्त पेशींभोवती असं पूर्ण आणि गडद कडं असेल तर आम्ही ३+ लिहितो. कडं फिकट किंवा अर्धवट असेल तर १+, आणि मधलं अनिश्चित चित्र म्हणजे २+. २+ आलं की जनुकाच्या प्रती प्रत्यक्ष मोजणारी फिश नावाची पुढची तपासणी करावी लागते. जाऊबाईंना ती सहसा लागणार नाही, ३+ हे स्पष्ट उत्तर आहे.

तरी दोन गोष्टी तपासून घ्या. तुकडा काढल्यावर तो तासाभरात फॉर्मेलिनमध्ये गेला होता का आणि तिथे किती वेळ होता, हे रिपोर्टवर लिहिलंय का पाहा. सहा तासांहून कमी किंवा बहात्तर तासांहून जास्त मुरवलेल्या तुकड्यावर या रंगाचा भरवसा कमी होतो. गावाकडून तुकडा सलाईनच्या बाटलीत घालून एस.टी.ने पाठवलेला मी पाहिलाय, आणि मग रिपोर्ट नीट देता येत नाही म्हणून बाईंना पुन्हा सुई सोसावी लागली. शंका असेल तर मोठ्या ठिकाणी ब्लॉक पुन्हा तपासून घेता येतो. म्हणून दुसरी गोष्ट, ब्लॉक आणि काचा लॅबमधून मागून घ्या, त्या रुग्णाच्या असतात. मुंबईत पहिल्याच दिवशी मागतील. ब्लॉक मेणाचा असतो, गाडीच्या काचेमागे उन्हात ठेवू नका. डबीत घालून पिशवीत जवळ ठेवा.

काकींचं गोळीवर का भागलं, तर त्यांची गाठ बहुधा ईआर पॉझिटिव्ह असणार. ती गाठ बाईच्या अंगातल्या हार्मोनवर वाढते, आणि टॅमॉक्सिफेनसारखी गोळी ती वाट अडवते. जाऊबाईंच्या गाठीत हार्मोनची वाट नाहीच, तिथे ती गोळी काही करणार नाही. दोघींना स्तनाचाच कॅन्सर असला तरी आजार वेगळे आहेत.

तुमच्या पत्रात भीती आहे, ती साहजिक आहे. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी हा रिपोर्ट लिहिताना आमच्या आधीच्या पिढीतल्या डॉक्टरांचाही हात जड होत असे. १९८७ मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या डेनिस स्लॅमन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या १८९ गाठी तपासून दाखवलं की ज्यांत या जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतात त्या बायकांचा आजार लवकर उलटतो आणि आयुष्य कमी होतं. तेव्हा हातात उपाय नव्हता. मग हर-टूच्या पेशीबाहेर आलेल्या टोकाला धरणारं प्रतिपिंड (अँटिबॉडी) बनवलं गेलं, ट्रास्टुझुमॅब. १९९८ मध्ये ते अमेरिकेत मंजूर झालं, सुरुवातीला फक्त पसरलेल्या आजारासाठी. २००५ मध्ये मोठ्या चाचण्यांचे निकाल आले आणि दिसलं की सुरुवातीच्या टप्प्यातल्या बायकांना केमोसोबत हे दिलं तर आजार उलटण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं. औषधांच्या इतिहासात असं फार थोड्या वेळा घडतं. जे प्रोटीन गाठीला जोर देतं, तेच औषधाला गाठ ओळखायची जागा देतं. म्हणून आज हा रिपोर्ट लिहिताना माझा हात पूर्वीच्यांसारखा जड होत नाही. फक्त पुढचं वर्ष नीट पार पाडायला हवं, आणि मला काळजी आहे ती त्याचीच.

तुम्हाला वर्षभराचं जे इंजेक्शन सांगितलंय ते हेच. दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून देतात, वर्षात साधारण १७-१८ वेळा. पहिल्या वेळी थंडी वाजून ताप येऊ शकतो, म्हणून पहिला डोस दीड तास सावकाश चालवतात आणि नंतर लक्ष ठेवतात. केस जातात ते केमोने. केमोचे डोस संपले की नुसत्या या इंजेक्शनवर असताना केस परत येऊ लागतात, बाई घरची कामं करू शकते. आणि इथेच घसरतं. अंगात काही त्रास नाही, गाठ काढून झाली, मग दर तीन आठवड्यांनी एवढा प्रवास कशाला, असं घरच्यांना वाटायला लागतं. गणपतीत एक चुकतं, आंब्याच्या दिवसांत दुसरं, लग्नसराईत तिसरं. ताई, हे तुम्ही होऊ देऊ नका. कॅलेंडरवर तारखा आत्ताच मांडून ठेवा. गणपतीत तारीख आली तर आधी फोन करून दोन-चार दिवस मागेपुढे करून घ्या, पण डोस सोडू नका. घरच्यांना ग्रामदेवतेला कौल लावायचा असेल, गाऱ्हाणं घालायचं असेल तर जरूर घाला, जाऊबाईंना त्याने बळ येईल. कौल कोणताही आला तरी तारखेला निघायचं, एवढं घरात आधी ठरवून ठेवा.

या औषधाची खरी काळजी हृदयाची. हृदयाच्या स्नायूंनाही हर-टूच्या निरोपाची थोडी गरज असते, त्यामुळे काहींचं हृदय रक्त ढकलण्यात कमी पडू लागतं. बहुतेकदा औषध थांबवून आणि हृदयाच्या गोळ्या देऊन ते सुधारतं, पण वेळेत कळलं पाहिजे. सुरुवातीला टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि मग साधारण दर तीन महिन्यांनी पुन्हा. विहिरीवरून कळशी आणताना पूर्वी लागत नव्हती तशी धाप लागली, उताणं झोपल्यावर श्वास अडला, संध्याकाळी पाय सुजले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता कळवा. आणि जाऊबाईंची पाळी चालू असेल तर या उपचारात आणि संपल्यानंतर सात महिने दिवस राहता कामा नयेत, हेही त्यांना एकांतात सांगा. घरात पुरुषांसमोर ही गोष्ट कुणी बोलत नाही आणि तशीच राहून जाते.

आधी केमो का, हा तुमच्या घरातला सगळ्यात अडलेला प्रश्न दिसतो. गाठ दोन सेंटिमीटरहून मोठी असेल किंवा काखेत गाठी असतील, तर या जातीच्या कॅन्सरात आता हाच क्रम रुळलाय. कारण असं आहे की गाठ अंगात असेपर्यंतच औषध लागू पडतंय की नाही हे डोळ्यांनी दिसतं, हाताला लागतं. आधी कापून टाकली तर पुढचं सगळं औषध अंधारात द्यायचं. केमोसोबत ट्रास्टुझुमॅब आणि जमल्यास पर्टुझुमॅब हे दुसरं प्रतिपिंड दिलं, तर जाऊबाईंसारख्या ईआर निगेटिव्ह, हर-टू पॉझिटिव्ह बायकांपैकी निम्म्याहून अधिक जणींच्या ऑपरेशनमध्ये काढलेल्या भागात एकही जिवंत कॅन्सरपेशी उरलेली नसते. असा नमुना मी जेव्हा काप काप करून पाहते आणि फक्त व्रण सापडतो, तेव्हा रिपोर्ट द्यायची घाई होते. काही उरलं असेल तरी मार्ग आहे, नंतर ट्रास्टुझुमॅबला केमोचं औषध जोडलेलं टी-डीएम-१ देतात, त्याने त्या बायकांतही आजार उलटण्याचा धोका साधारण निम्मा होतो. आधी ऑपरेशन केलं तर हे टी-डीएम-१ कुणाला द्यायचं, हेच कळत नाही. शिवाय गाठ आकसल्याने काही वेळा पूर्ण स्तन काढावा लागत नाही. एक विचारून घ्या, केमो सुरू व्हायच्या आधी गाठीत खुणेची छोटी क्लिप बसवणार का? गाठ पूर्ण विरघळली तर सर्जनला जागा त्या खुणेवरूनच सापडते.

सुई घातल्याने कॅन्सर पसरला असं कुणी म्हणत असेल तर त्याला बाजूला ठेवा. तो तुकडा नसता तर आज काहीच ठरवता आलं नसतं.

आता पैशांचं, कारण उशीर त्यावरच अडलाय. कलमं गहाण टाकायच्या आधी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत प्रकरण घाला. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि कॅन्सरची केमो, ऑपरेशन, किरणोपचार त्यात येतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला रेशनकार्ड, आधार आणि बायॉप्सीचा रिपोर्ट दाखवा. ट्रास्टुझुमॅबचे किती डोस योजनेतून मिळतील आणि बाकीच्याचं काय, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारा, सहाव्या डोसला विचारू नका. हे औषध पूर्वी खरंच आवाक्याबाहेर होतं. २०१४ च्या सुरुवातीला बायोकॉन कंपनीने भारतात त्याचं जैवसमान, म्हणजे मूळ औषधाच्या तोडीचं बनवलेलं, औषध आणलं, मग इतर कंपन्यांचीही आली, आणि ते आता राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे. जैवसमान म्हणजे हलक्या दर्जाचं, असं समजू नका. पर्टुझुमॅब मात्र महाग आहे. ते झेपत नसेल तर डॉक्टरांना तसं सांगा, त्याच्याशिवाय केमो आणि ट्रास्टुझुमॅब हा भक्कम उपचारच आहे. झेपत नाही म्हणून न सांगता अर्ध्यात येणं बंद करणाऱ्या बायका मी पाहते, ते सगळ्यात वाईट. योजनेपलीकडे कमी पडलं तर रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाला भेटा, मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्ज तेच भरून देतात.

प्रवासाचंही पाहू. परळचं टाटा रुग्णालय सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच संस्थेचं खारघरचं केंद्र तुम्हाला सोयीचं पडेल, खेडला गाडी धरून पनवेलला उतरलं की जवळच. परळला जायचंच झालं तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती इथे राहण्याची विचारणा करा. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट माफ असतं, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत मिळते, त्याचा फॉर्म रुग्णालयातून सही-शिक्क्यासह घ्यायचा. एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहेच. आणि योजना एकदा ठरली, पहिले डोस नीट गेले, की पुढची तीन-तीन आठवड्यांची इंजेक्शनं जवळ घेता येतील का, हे डॉक्टरांना विचारा. चिपळूणजवळ डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात कॅन्सरचे रुग्ण पाहतात. सकाळी जाऊन रात्री घरी परत येता आलं, तर डोस चुकण्याची भीती निम्मी होते.

थोरल्या दिरांशी तुम्ही एकट्या बोलू नका. पुढच्या भेटीला त्यांनाच सोबत न्या, बंदीत ते घरी आहेत तेच बरं. नवरा डॉक्टरांसमोर बसून एकदा ऐकतो तेव्हा घरातले बरेच वाद तिथेच मिटतात.

राहिल्या मुली. हर-टूच्या या जादा प्रती जाऊबाईंच्या गाठीतच तयार झालेल्या आहेत. त्यांच्या बाकीच्या शरीरात, बीजकोशांत त्या नाहीत, त्यामुळे मुलींकडे जाण्याचा प्रश्न येत नाही. आईकडून किंवा वडिलांकडून येऊ शकतो तो वेगळा दोष, बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांतला. जाऊबाईंना पन्नाशीच्या आत कॅन्सर झालाय, म्हणून त्या रक्ततपासणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा, आणि माहेरच्या बाजूला कुणा आत्या-मावशीला, आजीला स्तनाचा किंवा बीजकोशाचा कॅन्सर होता का, ते लिहून न्या. मुलींची मॅमोग्राफी आत्ता करायची नाही, या वयात तिचा उपयोग नाही. आईला ४६ व्या वर्षी झालं, तेव्हा मुलींनी ३६ च्या सुमारास तपासण्या सुरू कराव्यात. त्याआधी काही वेगळं हाताला लागलं तर महिने न दडवता आईला नाहीतर तुम्हाला सांगायचं. रक्ततपासणीही आधी जाऊबाईंचीच करायची. तिच्यात दोष सापडला तर थोरलीशी समुपदेशकाच्या समोर बसून बोला, ती १९ वर्षांची आहे, निर्णय तिचा तिला घेऊ द्या. धाकटीचा विचार ती अठरा पूर्ण झाल्यावर.